रेवस ते रेडी, दोन सायकलींवर

रेवस ते रेडी हा कोकणचा सागरी मार्ग रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांच्या किनाऱ्याने सुमारे ५०० किलोमीटर जातो. बॅरिस्टर अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असताना त्याची कल्पना पुढे आली आणि तेव्हापासून तो तुकड्यातुकड्याने होत आला आहे. वाटेतल्या काही खाड्यांवर पूल झाले, काही मोठ्या खाड्या अजून तरीनेच ओलांडाव्या लागतात. त्यामुळे मुंबईहून गोव्याला निघालेली जड वाहतूक इकडे फिरकत नाही. ती आतल्या महामार्गाने निघून जाते. किनाऱ्यावर उरते ती गावोगावची एसटी, रिक्षा, चिऱ्यांचा एखादा ट्रक आणि शाळेत निघालेली मुले. नियोजन करणाऱ्याला हा रखडलेला रस्ता वाटेल. सायकलवर दहा-बारा दिवस काढू पाहणाऱ्या जोडप्याला मात्र राज्यात याहून चांगला रस्ता सापडणे कठीण आहे.

दोघांची सफर ही एकट्याच्या किंवा गटाच्या सफरीहून वेगळी असते. एकटा माणूस आपल्या मर्जीने चालतो. गटात मागे पडलेल्याला आणखी कोणीतरी मागे पडलेला सापडतोच. दोघांत ही सोय नसते. वेग दोन आणि सांभाळून घेणारेही दोघेच. सपाट रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. ताशी १५ किलोमीटरने चालताना जरा मागे राहिलेला चार पायंडल जास्त मारून पुढच्याला गाठतो, समोरून वारा असेल तर पुढच्याच्या आडोशाने त्याचे थोडे श्रमही वाचतात. खरी गोष्ट चढावर कळते. चढावर शरीराचे आणि सामानाचे वजन वर ओढायचे असते, तिथे आडोशाचा उपयोग नाही. तीन किलोमीटरच्या चढावर एक जण ताशी आठच्या वेगाने आणि दुसरा सहाच्या वेगाने चालला, तर पहिला साडेबावीस मिनिटांत वर पोचतो, दुसऱ्याला अर्धा तास लागतो. वर पोचलेला साडेसात मिनिटे झाडाखाली बसतो, पाणी पितो, घाम पुसतो. दुसरा धापा टाकत वर आला, की पहिला ताजातवाना होऊन म्हणतो, ‘चला, निघू या?’

जोडप्यांची बहुतेक भांडणे याच ठिकाणी होतात, आणि चूक नेहमी वर आधी पोचलेल्याची असते. जो दमला आहे त्यालाच विश्रांती मिळत नाही, आणि दिवसभरात असे सहा चढ आले की संध्याकाळी एक जण थकलेला नव्हे, चिडलेला असतो. यावर उपाय साधे आहेत. थांबण्याची वेळ मागचा पोचल्यापासून मोजायची. चढाला हळू चालणाऱ्याला पुढे घालायचे. मुक्काम ठरवताना अंतर त्याच्या कुवतीने ठरवायचे. आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे सामान सरकवायचे. दोघांचे मिळून १६ किलो ओझे असेल, तर ते आठ-आठ वाटून घेण्यात न्याय दिसतो, पण शहाणपण नाही. ताकदवान गड्याकडे (किंवा बाईकडे, हे गृहीत धरू नये) अकरा आणि दुसऱ्याकडे पाच किलो दिले, की दोघांचे वेग आपोआप जवळ येतात.

जोडीने प्रवास करताना ओझे कमी होते हेही खरे. पाने, औषधे, मोबाइलचा चार्जर, साबण हे सारे एकेकच पुरते. यात एक खोच आहे. पंक्चरचे सामान पुढे जाणाऱ्याच्या पिशवीत असले, तो चढाच्या माथ्यावर पोचला आणि मागच्याचे चाक खाली दरीत बसले, तर कोकणात पुष्कळ ठिकाणी फोनची रेंजही मिळत नाही. म्हणून पंप, जादा ट्यूब आणि पंक्चरची डबी सहसा मागे राहणाऱ्याकडे असावी.

दोघांनी सायकलवर लांब जाण्याची हौस सायकलइतकीच जुनी आहे. लंडनमध्ये राहणारे अमेरिकन दांपत्य एलिझाबेथ आणि जोसेफ पेनेल यांनी १८८४मध्ये लग्न केले आणि लगेच दोघांनी मिळून चालवायची तीनचाकी घेऊन ते भटकायला लागले. लंडन ते कँटरबरी, फ्लॉरेन्स ते रोम अशा त्यांच्या सफरी. ती लिहायची आणि तो चित्रे काढायचा. त्यातून निघालेली पुस्तके त्या काळी आवडीने वाचली गेली. त्यांच्यानंतरचे फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन हे जोडपे आणखी जिद्दीचे. अल्जीरिया आणि स्पेन सायकलने पाहून ते १८९७मध्ये हिंदुस्थानात आले आणि दक्षिणेच्या टोकापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत सायकलवर हिंडले. रसद आणि निवारा मिळावा म्हणून ते बरेचदा रेल्वेच्या जवळून जात आणि स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये झोपत. कधी कधी एका दिवसात चाळीसपर्यंत पंक्चर काढावे लागत. त्या प्रवासाचे पुस्तक १९०४मध्ये निघाले. त्याच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. नोकरचाकरांशी आणि हमालांशी त्यांचे वागणे मात्र साहेबी तोऱ्याचे होते, हेही त्यांच्याच लिखाणातून दिसते. पुढे हे जोडपे काराकोरमच्या हिमनद्यांकडे वळले. तिथे मोहिमेची व्यवस्था एका वर्षी एकाने आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याने पाहायची, असा त्यांचा शिरस्ता होता. दहा दिवसांच्या सफरीतही तो चालवून पाहण्याजोगा आहे: एक दिवस वाट, मुक्काम आणि जेवण एकाने ठरवायचे, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने, आणि ज्याचा दिवस नाही त्याने तक्रार करायची नाही.

जोडप्याने दोन सायकली घ्याव्यात की दोघांची मिळून एक जोडसायकल, हा प्रश्न नेहमी निघतो. जोडसायकलवर दोन वेगांचा प्रश्नच उरत नाही. पुढचा हँडल, ब्रेक आणि गिअर सांभाळतो, मागचा पायंडल मारतो. दोन्हींची चेन जोडलेली असल्याने दोघांचे पाय एकाच लयीत फिरतात. सपाटीवर आणि उतारावर ती दोन सुट्या सायकलींपेक्षा वेगाने जाते. चढावर मात्र जड पडते, आणि कोकणात चढच चढ आहेत. शिवाय ती लाँचच्या अरुंद फळीवरून चढवणे आणि परतीच्या गाडीत घालणे ही मोठीच कटकट होते. मागच्याला सारा वेळ पुढच्याची पाठच दिसते, ही बाब काही जणांना किरकोळ वाटते, काहींना नाही. या किनाऱ्यापुरता निकाल द्यायचा तर दोन सायकली बऱ्या.

सायकल महागच हवी असे नाही, पण गिअर हलके हवेत. यामागे इथल्या भूगोलाचे कारण आहे. कोकणची किनारपट्टी म्हणजे सपाट पुळण नव्हे. समुद्रापर्यंत आलेले जांभ्या दगडाचे सडे आणि त्यांना कापत गेलेल्या खाड्या अशी तिची रचना आहे. गाव खाडीकाठी किंवा पुळणीमागे नारळी-पोफळीत असते. गावातून निघालेला रस्ता दोन-तीन वळणांत सड्यावर चढतो, तिथे चार-सहा किलोमीटर उघड्या माळावरून धावतो आणि पुढच्या गावात तसाच झपकन उतरतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचाच, पण घाटरस्त्यासारखा बेताबेताने न जाता तो अंगावर येतो. असे चढ-उतार मोजले तर ६० किलोमीटरच्या दिवसात हजार मीटरच्या आसपास उंची चढणे होते. समुद्रकिनाऱ्याचा सोपा रस्ता असेल या समजुतीने आलेली माणसे दुसऱ्याच दिवशी सायकल हाताने ढकलताना दिसतात. ढकलण्यात कमीपणा नाही. पण पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मागच्या सर्वांत मोठ्या चक्राइतके किंवा त्याहून कमी असले, तर बरेच चढ बसूनच निघतात.

टायर फार अरुंद नकोत. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे टायर खडबडीत डांबरावर आणि जांभ्याच्या मातीवर सारखेच चालतात. सामान पाठीवर घेऊ नये. ते मागच्या कॅरिअरला दोन्ही बाजूंनी अडकवलेल्या पिशव्यांत ठेवले की पाठ घामाने भिजत नाही आणि उतारावर सायकल स्थिर राहते. निघण्यापूर्वी ब्रेकच्या पट्ट्या नव्या घालाव्यात, कारण सड्यावरून उतरताना त्या भराभर झिजतात. वाटेतल्या गावांत सायकलची दुकाने आता विरळ झाली आहेत. पंक्चरवाला भेटतो, पण तो मोटरसायकलींचा. त्याच्या पंपाला मोटरसायकलचाच व्हॉल्व्ह बसतो. सायकलच्या ट्यूबला बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह असेल तर तो जोडणारी पितळी टोपी जवळ ठेवावी. दहा-वीस रुपयांची ही वस्तू नसल्यामुळे अख्खा दिवस वाया जाऊ शकतो.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे ठेवावी. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला या किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो; दुपारनंतर समुद्रावरचा वारा सुटतो आणि तो बहुतेक वायव्येकडून येतो. दक्षिणेला चाललेल्यांना तो मागून ढकलतो, उत्तरेला येणाऱ्यांच्या तोंडावर बसतो. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसते यात वाद नाही, पण तेव्हा मांडव्याच्या लाँच बंद असतात, खाड्या खवळलेल्या असतात आणि सड्यावर आडोसा नसतो. ऑक्टोबरची उष्णता आणि मार्चनंतरचा दमट उकाडा दोन्ही टाळावेत.

मुंबईच्या लोकांना सुरुवात सोपी आहे. गेटवेहून लाँचने किंवा भाऊच्या धक्क्यावरून २०२०मध्ये सुरू झालेल्या रो-रो बोटीने सायकलीसह मांडव्याला उतरायचे. अलिबाग, चौल, रेवदंडा हा पट्टा सपाट, दोन्ही बाजूंना वाड्या, आणि पाय मोकळे करायला चांगला. शनिवार-रविवारी मात्र इथे मोटारींची रांग लागते; म्हणून मधल्या वारीच निघावे. साळावच्या पुलाने कुंडलिका ओलांडली की डोंगराच्या सोंडेवर कोर्लईचा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावात काही कुटुंबे आजही घरात पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली बोलतात. पोर्तुगीजांनी हा मुलूख सोडल्याला अडीच शतके उलटून गेली तरी. पुढे काशीद, नांदगाव आणि मुरूड. अलिबागहून हे अंतर ५० किलोमीटरच्या आसपास, पहिल्या दिवसाला पुरेसे. राजपुरीच्या वळणावरून पाण्यातला जंजिरा दिसतो, तो सायकलवरून उतरून पाहावा असा.

मुरूडपुढे या मार्गाचा खरा स्वभाव सुरू होतो. आगरदांड्याला रस्ता धक्क्यावर संपतो. समोर राजपुरीची खाडी, पलीकडे दिघी, आणि मध्ये मोटारी, दुचाक्या, माणसे, शेळ्या असे सारे एकत्र घेऊन जाणारी बोट. सायकलीचे भाडे किरकोळ असते. अशीच तर बागमांडल्याहून वेसवीला सावित्रीच्या मुखावर, दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठीवर आणि तवसाळहून जयगडला शास्त्री नदीवर आहे. दाभोळची मोटारी नेणारी फेरीबोट २००३मध्ये सुरू झाली. ती नसती तर गुहागरला जायला चिपळूणचा मोठा वळसा पडला असता. या तरींचा जोडप्याला होणारा फायदा कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडत नाही. पुढे गेलेल्याला इथे थांबावेच लागते. बोट सुटून गेलेली असते, पुढची यायला अर्धा-पाऊण तास असतो. तेवढ्यात मागचा येऊन पोचतो, टपरीवर चहा होतो, आणि दोघे एकाच बोटीने पलीकडे जातात. दिवसभर आपापल्या वेगाने चाललेल्या दोघांचा हिशेब खाडीकाठी असा बरोबर होतो.

दिघीपुढे दिवेआगर लागते आणि तिथून आरावी-शेखाडीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता. अगदी पाण्याला लागून गेलेला असा लांब पट्टा या मार्गावर दुसरा क्वचितच असेल. खडकावर लाटा फुटतात तेव्हा तुषार रस्त्यापर्यंत येतात. हरिहरेश्वरहून बागमांडल्याची तर घेतली की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. बाणकोटजवळचे वेळास हे कासवांच्या अंडी घालण्यासाठी ओळखले जाणारे गाव. वेळासहून केळशी नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते, पण मध्ये भारजा नदी आहे आणि रस्ता आत वळतो. असे फसवे तुकडे पुढेही येतात. हवाई अंतर पाहून मुक्काम ठरवू नये. केळशीहून आडे, पाडले, आंजर्ले हा रस्ता पुन्हा समुद्राला बिलगतो. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. तो पाहायचा तर त्या दिवशी मुक्काम तिथेच करावा.

दाभोळची खाडी ओलांडून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी हे पट्टे पार करताना मात्र दम लागतो. जयगडच्या पुढे मालगुंड आहे, केशवसुतांचे जन्मगाव. तिथे त्यांचे स्मारक उभे आहे आणि ते शांत जागी आहे. गणपतीपुळ्याला गर्दी असते. मालगुंडला मुक्काम करून सकाळी लवकर पुळ्याचे दर्शन घेणे बरे. तिथून आरे-वारेच्या कड्यावरून रत्नागिरीत शिरणारा रस्ता सुरेख आहे, हे साऱ्यांना माहीत झाले असल्यामुळे आता तो सुट्टीच्या दिवशी तेवढा सुरेख राहत नाही.

रत्नागिरी म्हणजे साधारण अर्धी वाट. तिथे एक पूर्ण दिवस थांबावे. सायकलची दुकाने आहेत, कपडे धुता येतात, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी शरीर विश्रांती मागतेच. ज्या जोडप्यांचे एवढ्यात पुरेसे झाले त्यांना परतायलाही हीच जागा सोयीची. कोकण रेल्वेने सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून पाठवता येते. मात्र गाडी दोनच मिनिटे थांबते अशा लहान स्थानकांवर सायकल चढवण्याचा घाट घालू नये.

रत्नागिरीनंतर तरींचा भाग संपतो आणि पुलांचा सुरू होतो. भाट्ये, पावस, पूर्णगडचा पूल, मग गावखडीची सुरूची झाडी, कशेळीचे कनकादित्याचे देऊळ, जैतापूर. पर्यटकांची वर्दळ इथे एकदम ओसरते. सडे मोठे होतात, गावे लांब लांब येतात आणि दुपारी एक ते चार दुकाने बंद असतात. दोघांत मिळून तीन-चार लिटर पाणी या पट्ट्यात जवळ हवेच. विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा असे करत मालवण येते. पुढे कर्ली नदीचा पूल, वेंगुर्ला, आणि शिरोडा, जिथे १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला आणि जिथल्या शाळेत वि. स. खांडेकर शिक्षक होते. शिरोड्यापासून रेडी जवळच आहे.

राहण्याची सोय बहुतेक गावांत घरगुती असते. ती सायकलवाल्यांना हॉटेलपेक्षा चांगली पडते, कारण सायकली पडवीत ठेवता येतात आणि पहाटे निघायचे म्हटले तर सहा वाजता घावन-चटणी पानात येते. रात्रीचे जेवण मात्र दुपारपर्यंत फोन करून सांगावे लागते. मोजकाच स्वयंपाक करणाऱ्या घरात आयत्या वेळी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, पण मग घरातल्या बाईला पुन्हा चुलीपुढे उभे राहावे लागते. सायकलवाल्याची भूक साधी नसते, तेही आधीच सांगून टाकावे. वाटेत शहाळे, कोकम सरबत आणि केळी यांवर दुपार निघते. मिठाची उणीव सोलकढी भरून काढते.

शांत रस्ता म्हणजे निर्धास्त रस्ता नव्हे. आंधळ्या वळणांवर एसटी हॉर्न देत येते; तो ऐकू यावा म्हणून कानात गाणी घालू नयेत. शेजारी-शेजारी चालून गप्पा माराव्यात असा मोह या रस्त्यावर वारंवार होतो. सड्यावरच्या सरळ रस्त्यावर, मागे-पुढे दूरवर दिसत असताना, त्याला हरकत नाही. वळणावर, उतारावर आणि गावात एकामागे एक. हँडलला लहान आरसा लावला की पुढच्याला मान न वळवता मागचा दिसतो, आणि तो दिसेनासा झाला की थांबायचे. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा. रात्री रस्त्यावर गुरे बसलेली असतात.

रेडीच्या पुढे तेरेखोल. नदीच्या अलीकडच्या काठावर असूनही इथला छोटा किल्ला गोव्याच्या हद्दीत येतो, आणि पायथ्याच्या धक्क्यावरून केरीला तर जाते. सफरीतली ही शेवटची तर.

आगरदांडा, बागमांडला, दाभोळ आणि जयगड इथल्या खाड्यांवर पूल बांधण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. ते व्हायला हवेत. रात्री अपरात्री आजारी माणसाला पलीकडे न्यायचे असते तेव्हा बोटीची वाट पाहणे म्हणजे काय, हे खाडीकाठच्या माणसाला विचारावे. पूल झाले की गाड्या येतील आणि रस्ता रुंद होईल. तरींवरून जाणारी ही सफर ज्यांना करायची आहे त्यांनी फार वर्षे पुढे ढकलू नये. येत्या थंडीत निघावे, आणि सकाळची पहिली बोट किती वाजता सुटते ते आदल्या संध्याकाळीच विचारून ठेवावे.